पॅकेज छापता, तशी फिरतीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्लेसमेंटचा हंगाम आला की आपल्या अंकात एक बातमी ठरलेली असते. चोपड्याची, शहाद्याची नाहीतर पाचोऱ्याची एखादी मुलगी किंवा मुलगा, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना आईवडील, पेढा तोंडाशी धरलेला आणि मथळ्यात आकडा. गेल्या आठवड्यातही ती आली. मुलगी शेतकऱ्याच्या घरातली, नोकरी एका मोठ्या व्यवस्थापन सल्लागार कंपनीत, आणि शेवटच्या ओळीत 'कामानिमित्त देशभर विमानप्रवासाची संधी मिळणार' असं लिहिलेलं. ही संधी मी बरीच वर्षं उपभोगते आहे, म्हणून हे पत्र.

आधी त्या मुलीचं अभिनंदन, आणि ते मनापासून. त्या मुलाखती सोप्या नसतात. समोरचा माणूस एखाद्या धंद्याचं कोडं घालतो, तुम्ही कागदावर आकडेमोड करत मोठ्याने विचार करायचा, आणि तो मध्येच 'असं का?' विचारून तुम्हाला घसरवायला बघतो. तालुक्याच्या शाळेतून आलेली मुलगी तिथे टिकते तेव्हा तिने बरंच काही पार केलेलं असतं. पेढे वाटायलाच हवेत. माझं म्हणणं फक्त त्या बातमीत जे येत नाही त्याबद्दल आहे.

माझ्याबद्दल थोडं. मी भुसावळची. वडील रेल्वेत मेल गार्ड होते. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या गल्लीत ते आजही गार्डसाहेबच. आजोळ अमळनेरचं, सासर पारोळ्याचं, नवऱ्याची नोकरी पुण्यात, त्यामुळे भाड्याचं घर पुण्यात. इंजिनिअरिंगनंतर दोनेक वर्षं कारखान्यात काढली, मग एमबीए, आणि तेव्हापासून कन्सल्टिंग. स्टील, सिमेंट, कागद असे जड कारखाने हा माझा प्रांत. नाव छापू नये ही विनंती, कारण मी अजून याच धंद्यात आहे आणि राहणार आहे.

आपल्याकडे 'कन्सल्टन्सी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर परदेशी प्रवेशाचं दुकान येतं. माझ्या एका मावशीची तर अजून समजूत आहे की मी लोकांच्या बंगल्यांची वास्तू बघते. प्रत्यक्षात काम असं: एखाद्या कारखान्याचं उत्पादन अडलेलं असतं, खर्च वाढलेला असतो किंवा नवा प्रकल्प काढायचा असतो. मालक बाहेरच्या कंपनीला बोलावतो. चार-पाच जणांची टीम दहा-बारा आठवडे तिथे मुक्काम ठोकते, आकडे गोळा करते, माणसांशी बोलते आणि शेवटी काय करायचं ते स्लाइडवर मांडते. मग पुढचं गाव, पुढचा कारखाना.

आठवडा साधारण ठरलेला. सोमवारी पहाटेचं पहिलं विमान, गुरुवारी रात्रीचं शेवटचं, शुक्रवारी आपल्या शहरातलं ऑफिस. बातमीतलं विमान रायपूरला उतरतं, कारखाना असतो कोरब्याला. मधले दोनशे किलोमीटर कोळशाच्या ट्रकांच्या मागे मागे. भुवनेश्वरला उतरलं तर अंगुलचा रस्ता उरतो. म्हणजे विमानप्रवास हा प्रवासातला आरामाचा भाग. आणि आम्हा खानदेशवाल्यांना त्यात आणखी एक टप्पा. जळगावहून सरकारच्या 'उडान' योजनेचं विमान २०१७ च्या अखेरीस सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा आलं, पुन्हा थांबलं, २०२४ मध्ये नव्याने सुरू झालं. त्याच्या भरवशावर सोमवारची सकाळी साडेनऊची मीटिंग कबूल करायची हिंमत मी अजून केलेली नाही. संभाजीनगरहून विमान धरायचं तर अजिंठ्याचा रस्ता, आणि तो वर्षानुवर्षं कसा खोदून ठेवला होता ते आपल्याच अंकात फोटोंसह आलेलं आहे. त्यामुळे भुसावळला येणं म्हणजे पुण्याहून आझाद हिंद किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेस, तीही शुक्रवारी रात्रीचं तिकीट कन्फर्म झालं तर.

एवढं ऐकून वाटेल की ही बाई रडगाणं गायला बसली आहे. तसं नाही. या नोकरीने मला जे दिलं ते दुसऱ्या कुठल्याही नोकरीने एवढ्या वेळात दिलं नसतं. पंचविशी ओलांडते न ओलांडते तोच मी तीस वर्षं भट्टीपाशी काढलेल्या प्लँटप्रमुखासमोर बसून त्याला प्रश्न विचारत होते, आणि तो उत्तरं देत होता. सिमेंटची भट्टी का थांबते, कागदाच्या मशीनवर कागद का फाटतो, सुट्ट्या भागांच्या खरेदीत पैसा कुठे मुरतो, हे एकाच कारखान्यात नोकरी करून कळायला आयुष्य गेलं असतं. पैशाचंही स्पष्टच सांगते. वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आणि धाकट्या भावाचं शिक्षण या पगारातून झालं. विमान कंपन्यांचे आणि हॉटेलांचे पॉइंट साठतात, त्यावर आईवडिलांना अंदमान दाखवून आणलं. आई विमानात खिडकीशी बसली आणि उतरेपर्यंत मानही वळवली नाही. हे काही थोडं नाही.

पण या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे, आणि तो एका उदाहरणानेच कळेल.

सुरतच्या बाजूचा एक रोलिंगचा, म्हणजे पोलाद लाटण्याचा, कारखाना होता. तिथे पोलाद लाटणारे रोल बदलायला दिवसपाळीत लागायचा त्याच्या जवळजवळ दीडपट वेळ रात्रपाळीत लागायचा. व्यवस्थापनाचं मत तयार होतं: रात्रीची माणसं झोपा काढतात. मी आणि टीममधला एक मुलगा रात्री मिलवर जाऊन उभे राहिलो. पहिल्या रात्री कोणी तोंड उघडलं नाही, साहेबाची माणसं म्हणून सगळे जरा जास्तच उत्साहाने काम करत होते. दुसऱ्या रात्री चहाच्या वेळी एका फिटरने विचारलं, "ताई, तुम्हनं गाव कोनतं?" सुरतेत उधना-लिंबायत भागात निम्मं खानदेश राहतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, हाही शिंदखेड्याकडचा. आजोळची अहिराणी कामाला आली. मग त्याने मला हात धरावा तसं नेऊन दाखवलं. रोल सोडवायला एक खास मोठा पाना लागतो. तो महाग, म्हणून स्टोअरच्या कुलूपबंद कपाटात. किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर जनरल शिफ्टला, सकाळी नऊला येणार. रात्रीची माणसं साध्या पान्याला लोखंडी पाइप अडकवून, दोघं-तिघं त्यावर लोंबकळून नट सोडवत होती. पाना निसटला तर दात पडतील अशा बेताने. हे साहेबांना सांगितलं नव्हतं का? दोनदा सांगितलं होतं. लिहून कोणी घेतलं नव्हतं.

आम्ही लिहून घेतलं. स्लाइडवर त्याला रुबाबदार नाव दिलं, शेजारी वाचणाऱ्या मिनिटांचा आलेख काढला, आणि मिलपाशी एक कपाट व रात्रपाळीच्या फोरमनकडे दुसरी किल्ली एवढी शिफारस केली. ती मान्य झाली. फिटरचं फुकट सांगणं ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी आमच्या तोंडून तेच ऐकायला भरपूर पैसे मोजले. आमच्या धंद्याची चेष्टा करायची असेल तर एवढं पुरे, आणि त्याचं समर्थन करायचं असेल तरी एवढंच पुरे. ज्याला कोणी विचारत नाही त्याला विचारणं हे निम्मं कन्सल्टिंग आहे, आणि मला ते फार आवडतं.

त्याच अहवालात पुढे एक तक्ता होता: कंत्राटी कामगार कुठल्या विभागात किती कमी करता येतील. तो तक्ताही आमच्याच टीमने केला, कारण ते कामाच्या कक्षेत लिहिलेलं होतं. माझा तो फिटर कायम होता, त्याला धक्का नव्हता. त्याच्या हाताखालचे कंत्राटी मदतनीस त्या आकड्यात होते. त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. आम्ही तोवर ओडिशात पोचलो होतो. फिरत्या सल्लागाराला परिणाम बघायला थांबायचं नसतं. चांगला परिणामही नाही आणि वाईटही नाही. या धंद्याची ही बाजू मला पगाराच्या कुठल्याही आकड्यात बसवता येत नाही.

आता फिरतीकडे येते.

कामाचे तास हा एक भाग. दिवसभर कारखान्यात, संध्याकाळी हॉटेलात परतल्यावर खरं काम सुरू. साडेनऊला मॅनेजरचा फोन, अकराला पार्टनरच्या, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यात वरच्या साहेबाच्या, सूचना, दीड वाजता कोणाला तरी वाटतं की चौदाव्या स्लाइडवरचा आलेख आडवा ऐवजी उभा हवा. पित्त, पाठ, मान हे तिन्ही पस्तिशीच्या आत. मुलींसाठी आणखी काही गोष्टी, ज्या कुठल्याही ब्रोशरात नसतात. जुन्या जड कारखान्यांच्या शॉप फ्लोअरवर बायकांसाठी स्वच्छतागृहच नसतं. असतं ते प्रशासकीय इमारतीत, लांब, तिथवर जायला गाडी मागवावी लागते. मग सकाळपासून पाणीच कमी प्यायचं. मे महिन्यात, भट्टीच्या शेजारी. माझ्या ओळखीतल्या एकूण एक मुलींनी हे केलेलं आहे. हल्ली मी नव्या कारखान्यात पहिल्याच मीटिंगला हा प्रश्न टेबलावर ठेवते. साहेब लोक गडबडतात, पण दोन दिवसांत सोय होते.

दुसरा भाग घरचा. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन. रोटांचा प्रसाद भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा असतो. पारोळ्याला आमच्या घरी त्या दिवशी सुरतेपासून पुण्यापर्यंतची सगळी पांगलेली माणसं गोळा होतात. आणि सोमवार हा आमचा उड्डाणाचा वार. सोमवारची सुट्टी मागितली की 'कसली पूजा?' हा प्रश्न येतो, आणि गुरगावच्या माणसाला कानबाई फोनवर समजावून सांगणं हे कारखान्याची भट्टी समजावण्यापेक्षा अवघड आहे. आखाजीचंही, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंही, तेच. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आंब्याचा रस-पुरणपोळी होते, पण कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत आखाजी नाही. गणपती आहे, ओणम आहे, ख्रिसमस आहे. मागितली तर मिळतेही, असं नाही की मिळत नाही. पण दरवेळी मागावी लागते आणि मागणारा मनातल्या मनात कुठेतरी नोंदला जातो.

लग्नाच्या बाजाराबद्दल एकच वाक्य लिहिते: फिरतीवरचा मुलगा कर्तबगार ठरतो आणि फिरतीवरच्या मुलीच्या आईला स्थळवाले विचारतात, 'मग घरचं कोण बघणार?'

यावर कोणी म्हणेल, फिरती काय तुम्हीच करता? ट्रकवाले करतात, एमआर करतात, एसटीचे चालक-वाहक करतात, फौजी तर वर्षवर्ष घरी येत नाहीत. अगदी खरं. माझ्याच घरात फिरती होती. मी फिरतीच्या विरोधात नाहीच. माझ्या वडिलांची आणि माझी फिरती शेजारी ठेवून बघते तेव्हा जो फरक दिसतो, तो आपल्या वाचकांपुढे मांडायचा आहे, कारण भुसावळ विभागातली हजारो घरं तो फरक लगेच ओळखतील.

आमच्या लहानपणी रात्री-अपरात्री ड्यूटीचा निरोप घेऊन कॉल बॉय यायचा. हातात रजिस्टर, वडिलांनी सही करायची, दोन तासांत लॉबीत, म्हणजे ड्यूटीवर हजेरी लावायच्या कचेरीत, हजर व्हायचं. आई उठून डबा करायची. पांढऱ्या अक्षरांत नाव लिहिलेली ती काळी लोखंडी पेटी, आत लाल-हिरवी झेंडी, दिवा, आणि धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके. ती गाडीपर्यंत न्यायला वेगळा माणूस. इगतपुरी, बडनेरा, खंडवा, जिथे ड्यूटी संपेल तिथल्या रनिंग रूममध्ये मुक्काम. आपापलं पीठ-डाळ बांधून न्यायचं, तिथला स्वयंपाकी भाकरी टाकून द्यायचा. दिवाळी-दसरा बहुतेक वेळा गाडीतच. म्हणजे घराबाहेर राहण्यात ते माझ्यापेक्षा कमी नव्हते.

पण त्यांच्या फिरतीचा हिशोब होता. रेल्वेच्या कामाचे तास आणि विश्रांती यांचे नियमच आहेत, आणि ते रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांच्या, प्रत्येक घरात तोंडपाठ असतात. ड्यूटी आठ तास किंवा जास्त झाली तर हेडक्वार्टरला, म्हणजे नेमणुकीच्या गावी, आल्यावर सोळा तास विश्रांती. त्याहून कमी झाली तर बारा तास. त्याशिवाय महिन्यात पीआर, म्हणजे नियतकालिक विश्रांती: सलग तीस तासांची चार वेळा किंवा बावीस तासांची पाच वेळा. साइन ऑन आणि साइन ऑफ, म्हणजे ड्यूटी सुरू झाल्याची आणि संपल्याची, दोन्ही वेळा कागदावर. किलोमीटरनुसार रनिंग अलाउन्स, ज्याला सगळे मायलेज म्हणतात, आणि त्या भत्त्यापोटी मूळ पगाराच्या ३० टक्के रक्कम वाढीव पगार म्हणून धरली जाते, निवृत्तीच्या लाभांसाठी तर ५५ टक्के. म्हणजे माणूस आयुष्यभर घराबाहेर राहिला याची दखल त्याच्या पेन्शनमध्ये उतरते. माझे वडील आज ती पेन्शन घेतात.

हे नियम दरवेळी पाळले जायचे असं मी म्हणणार नाही. माणसं कमी, गाड्या जास्त, लिंक, म्हणजे ड्यूट्यांचं ठरलेलं वेळापत्रक, मोडायची, विश्रांती अर्धी राहिली असताना कॉल यायचा. त्यावरून लॉबीत भांडणं व्हायची, युनियनचे मोर्चे निघायचे, आणि लोको पायलट संघटना आजही त्यावर लढत आहेत. पण भांडायला हातात एक आकडा होता. सोळा म्हणजे सोळा. माझ्याकडे भांडायला आकडाच नाही.

मागे एकदा मी भुसावळला असताना लॅपटॉपवरचं माझं महिन्याचं कॅलेंडर उघडं होतं. रंगीबेरंगी चौकोन. वडील चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यात पीआर कुठे आहे?" मी म्हटलं, शनिवार-रविवार. तर त्यांनी शनिवारच्या चौकोनातला 'कॉल' आणि रविवारी संध्याकाळचा 'कॉल' बोटाने दाखवला. "मग हे काय आहे?" पुढे त्यांचा दुसरा प्रश्न, खास रेल्वेवाल्याचा: "तुझं हेडक्वार्टर कोणतं?" कागदोपत्री पुणे. प्रत्यक्षात, जिथे प्रोजेक्ट तिथे.

कंपन्या वाईट असतात म्हणून हे होतं असं नाही. हिशोबच तसा आहे. क्लायंटला टीमचे पैसे आठवड्यावर लावले जातात. टीममधल्या पोराने आठवड्यात पंचेचाळीस तास काम केलं काय आणि ऐंशी केलं काय, बिल तेच. विमान-हॉटेलचा खर्च बहुतेक वेळा क्लायंटकडून वेगळा वसूल होतो किंवा आधीच किमतीत धरलेला असतो. म्हणजे त्याच्या जादा तासाची किंमत कंपनीलाही पडत नाही आणि क्लायंटलाही नाही. जी गोष्ट कोणालाच महाग पडत नाही ती कोणी जपून वापरत नाही. उलट मोजली जाते ती 'युटिलायझेशन', तुमचे किती दिवस बिलावर लागले. दोन प्रोजेक्टच्या मध्ये मोकळे बसलात तर तो 'बेंच', आणि तो फार लांबला की धाकधूक. वर चढत राहा नाहीतर बाहेर पडा, हा मोठ्या कंपन्यांचा जुना रिवाज आहे. काही ठिकाणी तो सौम्य भाषेत सांगतात एवढंच.

कायदा? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट वेतन आहे. पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर असलेल्यांना तो कायदा लागू होत नाही. आमच्या धंद्यात पदांची नावंच अशी भारदस्त असतात की त्या दाराने आम्ही सगळेच बाहेर पडतो. युनियनचा विषय काढला तर सहकारी माझ्याकडे मी बिडी पेटवल्यासारखं बघतील.

एवढी फिरती लागते तरी का? २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, आमचं पुष्कळसं काम घरी बसून होतं; अहवाल गेले, बिलं निघाली. दोन, सगळं होत नाही. तो कुलूपबंद पाना कॅमेऱ्यातून कधीच दिसला नसता. माझ्या अनुभवात कारखान्याच्या कामात पहिले तीन-चार आठवडे आणि शेवटी अंमलबजावणीचे काही दिवस तिथे असायलाच हवं. मधला मुक्काम पुष्कळदा 'क्लायंटला आपण दिसलो पाहिजे' एवढ्यासाठी असतो. साहेब खोलीबाहेरून जाताना पाच डोकी लॅपटॉपमध्ये खुपसलेली दिसली की त्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. हा मुक्काम अर्धा केला तर कोणाचंही काही बिघडणार नाही, असं मी आतल्या मीटिंगांमध्येही बोलते, म्हणून इथे लिहायला संकोच नाही.

आता त्या मथळ्यातल्या आकड्याबद्दल, कारण आपले वाचक तो आकडा भागिले बारा करतात आणि पोराच्या हातात दरमहा तेवढे येणार असं धरून ट्रॅक्टरचं कर्ज फेडायचं ठरवतात. तो आकडा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला त्या माणसावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात कामगिरीवर मिळणारा बोनस असतो, जो पूर्ण मिळेल असं नाही. रुजू होतानाची एकरकमी रक्कम असते, जी वर्ष-दोन वर्षांच्या आत सोडलं तर बहुधा परत करावी लागते. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यातच असतो. आणि गंमत म्हणजे ग्रॅच्युइटीही त्यातच धरलेली असते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी मिळायला सलग पाच वर्षं लागतात, आणि या धंद्यात दोन-तीन वर्षांत सोडणारेच जास्त. म्हणजे मथळ्यातला काही पैसा असा असतो जो त्या मुलीला बहुधा कधीच दिसणार नाही. तरीही हातात येणारी रक्कम आपल्याकडच्या मानाने भरपूरच असते. फक्त ती किती, हे एकदा नीट विचारून छापलं तर गावात हिशोब चुकणार नाहीत.

म्हणून आपल्याला विनंती. अशी बातमी करताना आपल्या वार्ताहराने दोन-तीन प्रश्न आणखी विचारावेत. महिन्यात किती रात्री घराबाहेर? हातात किती? गेल्या तीन वर्षांत याच कंपनीत लागलेले आपल्या भागातले विद्यार्थी आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे असायला हवं. नसेल तर तीच मोठी बातमी आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांनी कंपनीच्या एचआरला व्यासपीठावर बोलावताना सोबत एखादी नोकरी सोडून आलेली आणि एखादी टिकून राहिलेली अशी दोन माणसं बोलवावीत. सोडून आलेले सगळे हरलेले नसतात. माझ्या ओळखीतला एक जण आज रावेरला केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर चालवतो आणि कन्सल्टिंगमध्ये शिकलेला खर्चाचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला वापरतो.

आणि कंपन्यांकडे मागणं छोटंच आहे. विमानातून उतरून घरी पोचल्यापासून सोळा तास फोन नाही, आणि महिन्यात चार वेळा तीस तास सलग मोकळे, लेखी. गाडी चालवणाऱ्याला विश्रांती द्यावीच लागते, कारण तो डुलकला तर अपघात होतो, हे सगळ्यांना पटतं. कोणाचा रोजगार कापायचा याचा तक्ता करणारा माणूस चार रात्रींचा जागा असू नये, हे पटायला इतकं अवघड का असावं?

बातमीतल्या त्या मुलीला माझा नंबर आपल्या कार्यालयातून द्यायला माझी हरकत नाही. तिने नोकरी घ्यावी असंच मी सांगेन. रुजू होण्याआधी ऑफर लेटरची सगळी पानं, विशेषतः मागची बारीक अक्षरांतली, घेऊन भेटायला यावं. मी भुसावळला असेन त्या आठवड्यात दोघी बसून वाचू. तिच्या वडिलांनाही आणावं, माझे वडील त्यांच्याशी बोलतील. शनिवार दुपार बरी. रविवारी संध्याकाळी मी बॅग भरत असते.

कळावे,
आपली एक वाचक,
भुसावळ